यलगम मॅडम आणि राजाची कडाकणी

राजाचं अर्धं नाव माझ्या पोटात गेलेलं आहे. उरलेलं अर्धं यलगम मॅडमनी माझ्या तोंडातून हिसकावून घेतलं म्हणून वाचलं. हे मी कुणाला सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. मॅडम होत्या तोवर त्या स्वतः साक्षीला उभ्या राहायच्या. "बागवान सरांनी खाल्लं की हो, मी डोळ्यांनी बघितलं," असं चारचौघांत सांगून मोकळ्या व्हायच्या. मागच्या उन्हाळ्यात हैदराबादला, लेकीच्या घरी, त्या वारल्या. आता साक्षीदारच नाही म्हटल्यावर लोक माझ्यावर आणखीच हसणार. हसू देत. मला सांगायचंच आहे.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी अकाउंटन्सी शिकवायचो आणि त्या इतिहास. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मॅडम ठेंगण्या, चालणं भराभर, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. माहेर पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांचं. वडिलांचे माग होते, भाऊ चादरींचं दुकान चालवायचा. त्यांच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. चहा त्या गार करून प्यायच्या. गार व्हायला ठेवायच्या आणि विसरायच्या, मग त्यावर साय धरली की एका घोटात संपवायच्या. ते बघायला लागू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसायचो.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध होता. "कोण म्हणतं?" वर्गात पोराने कुठलंही विधान केलं की मॅडम चष्मा वर सरकवून हेच विचारणार. उत्तरपत्रिकेच्या समासात लाल शाईने हेच लिहिणार. पोरं त्यांना पाठीमागे "कोण म्हणतं मॅडम" म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं. स्नेहसंमेलनाला आलेले एक पुढारी भाषणात म्हणाले, की सोळा गावं मिळून आपलं सोलापूर झालं. पहिल्या रांगेतून आवाज आला, "कोण म्हणतं?" पुढारी गडबडले. "अहो, सगळेच म्हणतात," ते म्हणाले. "सगळे म्हणतात म्हंजे कुणीच बघितलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. आमच्या प्राचार्यांनी घाईघाईने हार पुढे केला आणि भाषण तिथेच आवरलं.

दुसरी सवय मोजण्याची. त्यांच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असायची, पिवळी, टोकाला पत्रा लावलेली. कॉलेजात नवं कपाट आलं तेव्हा मॅडमनी आधी कपाट मोजलं, मग स्टाफरूमचं दार मोजलं आणि जाहीर केलं, की आत जाणार नाही. प्राचार्य म्हणाले, जाईल. हमाल म्हणाले, तिरकं केलं की जाईल. ते कपाट पुढची कित्येक वर्षं व्हरांड्यातच उभं होतं आणि त्यात खडू नि झाडू ठेवायचे. "आधी मोजा, मग भांडा," हे त्यांचं ब्रीद. मी त्यांना म्हणायचो, मॅडम, तुम्ही चुकून इतिहासात आलात, तुमची जागा आमच्या कॉमर्समध्ये. त्यावर त्या म्हणायच्या, "तुम्ही आकडे मांडता. मी तपासते."

तर कडाकणी. नवरात्रात देवीच्या घटावर टांगायची ही कडक, गोड पुरी आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. दसरा झाल्यावर रेणुका नावाची आमची एक विद्यार्थिनी डबाभर कडाकण्या घेऊन स्टाफरूममध्ये आली. ती अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवरच्या बसरहळ्ळीची. आमचं घराणं फळवाल्यांचं, खायला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी एक उचलली आणि दात लावला. तेवढ्यात शेजारून मॅडम ओरडल्या, "अय्यो, थांबा की ओ सर! लिहिलंय त्याच्यावर!"

आणि तोंडातलीच ओढली.

कडाकणीवर खरोखरच ठसा होता. वाटीच्या तोंडाएवढं गोल, वर चंद्र आणि सूर्य, खाली वळणदार अक्षरं. जुनी कानडी लिपी आणि तेलुगू लिपी या सख्ख्या बहिणी, त्यामुळे मॅडमना ती अडखळत का होईना लागायची. ओढून वाचवलेल्या तुकड्यावर 'रस' एवढंच उरलं होतं. डब्यातल्या दुसऱ्या कडाकणीवर नाव पूर्ण होतं. हेम्मरस. अरस म्हणजे कानडीत राजा. सात-आठशे वर्षांपूर्वी या भागात हेम्मरस नावाचा एक मांडलिक राजा होता, एवढंच एका देवळातल्या शिलालेखावरून लोकांना ठाऊक. पुस्तकांत त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ.

"ठसा कशाने मारता गं?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या आजीकडं टाक हाय की मॅडम. देवाचा. दर सालाला पिठावर दाबतो."

रविवारी आम्ही बसरहळ्ळीला. मी का गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "राजा तुम्ही खाल्लाय, तुम्हाला यावं लागेल." रेणुकाची आजी शिवव्वा अंगणात मेंढरांना पाला टाकत होती. काटक म्हातारी, कपाळभर कुंकू, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. देव्हाऱ्यात देवांच्या टाकांमध्ये तो बसवलेला. तांब्याचा जाड गोल, मागे धरायला कडी. अक्षरं उलटी, शिक्क्यावर असतात तशी, आणि पिठावर सुलटी उमटली तरी लिपी जुनी, म्हणून घरात कुणाला ती अक्षरं वाटलीच नव्हती, नक्षी वाटायची. काठाला एका जागी टवका उडालेला.

"माज्या सासूच्या सासूपासनं हाय बगा," शिवव्वा म्हणाली. "ह्यो राजाचा हाय म्हंता? व्हय, राजाच हाय. आमाला ठावं हाय की."

मॅडमनी टाक टेपेने मोजला. मग पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा. मी त्यांना त्याआधी एकदाच इतकं हललेलं पाहिलं होतं, लेकीच्या लग्नात.

पुढचं सगळं सरळ व्हायला हवं होतं. पुण्याचे डॉ. मोहरीर या विषयातले जाणकार. भला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. मॅडमनी त्यांना फोन केला, फोटो पाठवले, ते हिवाळ्यात बसरहळ्ळीला यायला तयार झाले. मॅडमनी शिवव्वाला बजावून सांगितलं, "अव्वा, टाकाला हात लावू नका. जसा आहे तसा त्यांना बघू दे."

आता पुण्याचे पाहुणे घरी येणार म्हटल्यावर बसरहळ्ळीतली बाई काय करील? अंगण सारवलं, दारात रांगोळी काढली, आणि टाक चिंच नि राखेने घासघासून असा लखलखीत केला, की डॉ. मोहरीर उंबऱ्यातच थबकले. शेकडो वर्षांची धातूवरची काळसर पुटं, जी बघून वय सांगतात, ती सगळी मोरीतून वाहून गेलेली. वर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल.

"हा तर परवा ओतलेला दिसतो," डॉक्टर हळूच म्हणाले.

मॅडम स्वयंपाकघरात गेल्या. "अव्वा, हात लावू नका म्हटलं होतं की!"

"पावण्यांम्होरं काळाकुट्ट देव ठिवायचा व्हय?" शिवव्वा उलट चिडली. "आमी काय तसली मानसं न्हाय."

तपासणीसाठी टाक शहरातल्या संग्रहालयात न्यायचं ठरलं. म्हातारी सोडायला तयार होईना. मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, नवरात्राच्या आत मी स्वतः आणून देते, हा माझा शब्द. "टाकाबिगर आमचा घट बसत न्हाई, बाई," एवढंच शिवव्वा म्हणाली आणि पदराने डोळे पुसत तिने तो दिला.

तपासणीचा निकाल आला. धातूवर जुनेपणाची एकही खूण नाही, शिक्का अलीकडचा, बनावट. बातमी आमच्याआधी बसरहळ्ळीला पोचली, कारण मोबाइल आता मेंढरांमागेही असतो. "शिवव्वाचा राजा बाजारातला निघाला," असं पारावर म्हणायला लागले. कुणी म्हणे, म्हातारीने सरकारकडून काहीतरी उकळायला करून घेतला. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती, तिला पिठाच्या गिरणीवर बायका तोंडावर लबाड म्हणाल्या. रेणुकाने हे स्टाफरूममध्ये येऊन रडत रडत सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मॅडम मात्र उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला, अव्वाकडं."

शिवव्वाने आम्हाला बसा म्हटलं नाही. अंगणात ती मेंढराच्या पाठीवरचे गोखरू काढत बसली, आमच्याकडे बघेना. "माज्या सासूला खोटं पाडलं तुमी," एवढंच बोलली. मॅडम अंगणात उभ्याच. जाताना त्यांचा पाय कोंबड्यांना पाणी ठेवलेल्या खापरात अडखळला. खापर उलटलं, पाणी सांडलं, कोंबड्यांनी एकच गोंधळ केला. मॅडम वाकून ते सरळ करायला गेल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

खापराच्या बाहेरच्या अंगाला गोल ठसा होता. चंद्र, सूर्य, हेम्मरस.

गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे. जुनं गाव तिथे होतं म्हणतात. भिंती लिंपायला लोक तिथली माती आणतात, त्या मातीतून हा जुन्या रांजणाचा तुकडा आलेला. धान्याच्या रांजणावर राजाचा शिक्का ओल्या मातीतच उठवायची पद्धत असणार. मॅडमनी खापर छातीशी धरलं, साडी चिखलाने भरली. बसमध्ये पूर्ण वाट त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "सापडला की ओ सर, सापडला."

डॉ. मोहरीर पुन्हा आले. संग्रहालयात त्यांनी खापर आणि शिक्का शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं, यंत्राने मापं घेतली, आणि फार सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, खापर अस्सल आहे. त्याबद्दल वाद नाही. पण खापरावरचा ठसा लहान आहे आणि शिक्का मोठा. या शिक्क्याने तो उठलेला नाही. असलंच एखादं खापर कुणाला तरी सापडलं असणार आणि त्यावरून त्याने हा शिक्का घडवला असणार. म्हणजे आता नकलेबद्दल खात्रीच झाली."

मॅडमनी टेप काढली. स्वतः मोजलं. शिक्का खरंच मोठा होता, फार नाही, पण होता. आधी मोजा मग भांडा म्हणणाऱ्या बाईला मापानेच दगा दिला. त्यांनी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. नवरात्राच्या तोंडावर एक सभा घेऊन डॉक्टर आपला निष्कर्ष सर्वांसमोर मांडणार, असं ठरलं. त्यानंतर शिक्का 'बनावट' म्हणून जप्त होऊन कायमचा कपाटात जाणार होता, शिवव्वाला परत मिळणार नव्हता.

मधल्या काळात मॅडम निवृत्त झाल्या, पण स्टाफरूममधली त्यांची खुर्ची निवृत्त झाली नाही. रोज साडेअकराला त्या चहाला हजर असायच्या. फक्त आता बोलायच्या कमी. पोरांना "कोण म्हणतं?" विचारायच्या नाहीत. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम भांडण उकरून काढायचो. एके दिवशी असाच विषय काढला.

"मॅडम, तुमच्या भावाच्या दुकानातून चादर घेतली, ती एका धुण्यात आटली. आमच्या घरात माझं जगणं मुश्किल झालंय. बेगम म्हणते, पाँव ढाँको तो मुंडी खुल्ली, मुंडी ढाँको तो पाँव!"

"आटणारच की," मॅडम यांत्रिकपणे म्हणाल्या. "सुती आहे. मागावरचं माप वेगळं, धुतल्यावरचं वेगळं. आमच्यात लहान पोराला पण…"

आणि थांबल्या. चष्मा वर सरकवला. माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, दुकानाची बदनामी केली म्हणून आता माझी काही धडगत नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "माती पण आटते की ओ!"

"काय?"

"माती! ओली असते तेव्हा मोठी, वाळली की आटते, भट्टीत आणखी आटते! ठसा ओल्या मातीत मारला, तेव्हा शिक्क्याएवढाच होता! मग आटला! लहान असणारच की! लहान नसता तरच खोटा!" मग तेलुगूत पुष्कळ काही बोलल्या, ते मला कळलं नाही. चहा गरम असतानाच त्यांनी पिऊन टाकला, जन्मात पहिल्यांदा, तोंड पोळलं, तशाच धावत सुटल्या. पर्स खुर्चीवरच राहिली.

संग्रहालयवाल्यांनी मूळ शिक्का मातीवर दाबू दिला नाही, पण त्याची मापाला मापाची नक्कल करून दिली. ती घेऊन मॅडम बसरहळ्ळीच्या सिद्राम कुंभाराकडे. ओढ्याकाठची, रांजणाला वापरतात तीच माती. मळायची, थापायची, वर ठसा मारायचा, सावलीत वाळवायचा, मग आव्यात, कुंभाराच्या भट्टीत, भाजायचा. सिद्राम हसून बेजार. "भांडं न्हाई, गाडगं न्हाई, नुस्ता ठसा? ह्येच्यात पानी कसं भरनार, बाई?" पहिले तडकले. दुसऱ्या खेपेला आवा जास्त पेटला आणि वाकडे झाले. तिसऱ्या खेपेचे निघाले ते मॅडमनी राख झाडून टेपेला लावले. मी शेजारी उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही, नुसता माझा हात घट्ट दाबला.

सभेचा दिवस. संग्रहालयाचा हॉल भरलेला, कॉलेजची पोरं भिंतीला टेकून उभी. बसरहळ्ळीहून टेंपो भरून लोक आले होते, त्यातले निम्मे तरी म्हातारीची फजिती बघायला. शिवव्वा ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत. मॅडमना तिने नमस्कारही केला नाही.

डॉ. मोहरीरांनी आपली बाजू मांडली. शांत, मुद्देसूद. मापांचा फरक पडद्यावर दाखवला. लोक माना डोलवत होते. मग मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "बागवान सर, चादरी आणा."

होय, चादरी. माझ्या घरची ती आटलेली चादर, जिच्यावर चहाचा डाग होता, ती मी भर सभेत दोन्ही हातांनी उंच धरून उभा राहिलो. दुसरी, दुकानातली कोरी, रेणुकाने धरली. दोन्हींवर तोच मोर, तीच किनार.

"ह्या दोन्ही एकाच मागावरच्या," मॅडम म्हणाल्या. "ही लहान आहे, ही मोठी आहे. आता सांगा, ह्यातली बनावट कुठली?"

हॉलमध्ये विणकरांच्या घरची माणसं कमी नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, "धुतलीय की ओ ती!" आणि एकदम हशा पिकला.

"धुतलीय," मॅडम म्हणाल्या. "सोलापूरच्या माणसाला आटणं शिकवायला लागत नाही. आता हे बघा." त्यांनी टेबलावर कोंबड्यांचं खापर ठेवलं आणि शेजारी सिद्रामच्या आव्यातला नवा ठसा. "हा मी मारला. शिक्क्याच्या मापाने, ओल्या मातीत. भाजून निघाला तो एवढा. डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताने मोजा."

डॉक्टरांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"मॅडम, माप जुळतंय," ते म्हणाले. "पण नकलाकाराने खापर बघून नजरेने थोडा मोठा कोरला असेल, हीही शक्यता राहते."

"राहते की. म्हणून विचारते. खापर बघून त्याने साच्यातून ओतला असता, तर शिक्का खापराएवढाच झाला असता, नाहीतर त्याहून बारीक, धातू पण आटतो म्हणून. मोठा कधीच नाही. आणि नजरेने कोरला असेल, तर बसरहळ्ळीची माती भाजल्यावर नेमकी किती आटते, ते त्याला कुणी सांगितलं? सगळीकडून सारखंच मोठं कसं केलं? चंद्र तेवढाच, सूर्य तेवढाच, प्रत्येक अक्षर तेवढंच? आणि काठाचा हा टवका, खापरावर पण उमटलेला, तो पण आटण्याचा हिशोब करून?"

डॉ. मोहरीरांनी खापरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा उतरवला. तो कागद उचलून सिद्रामच्या ठशावर ठेवला. मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले. रेषेवर रेष बसली. टवक्यावर टवका बसला. कागद त्यांनी फिरवून पाहिला, पुन्हा बसवला, पुन्हा तसाच बसला.

माणूस मोठा होता, असं मी अजूनही म्हणतो. ते माइकसमोर गेले नाहीत. सरळ पहिल्या रांगेपाशी आले, शिवव्वापुढे वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजी, तुमचा शिक्का खरा आहे. हेम्मरस राजाचाच आहे. चूक माझी झाली."

शिवव्वाने त्यांच्याकडे पाहिलं. "मंग म्यां चिंचंनं घासला ते बरं केलं न्हवं?"

"ते मात्र पुन्हा करू नका, आजी."

"बरं," ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "सनाला तेवडा."

मग जो आवाज उठला! पोरांनी शिट्ट्या मारल्या, टेंपोतून फजिती बघायला आलेले सगळ्यात आधी टाळ्या पिटायला लागले, मागून कुणीतरी "हेम्मरस महाराज की जय" म्हणून टाकलं. मी दोन्ही हातांत चादर धरून असल्यामुळे मला टाळ्या वाजवता येईनात, म्हणून मी चादरच हलवली. मॅडम टेबलाला धरून उभ्या होत्या आणि चष्मा काढून रडत होत्या. मलाही भरून आलं. त्या खोलीत त्या दिवशी त्यांच्याइतकं उंच कुणी नव्हतं.

संग्रहालयाला खापर आणि शिक्क्याची नक्कल मिळाली. कागदपत्रं पुरी होऊन मूळ शिक्का शिवव्वाच्या ताब्यात राहणार, असं ठरलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मॅडम तो डब्यात कापसावर ठेवून, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसल्या, शेजारी मी. संग्रहालयाने गाडी देऊ केली होती. त्या म्हणाल्या, "शब्द मी दिलाय, मीच नेणार." अक्कलकोटात गाडी बदलताना पर्स माझ्याकडे दिली, पण डबा दिला नाही.

बसरहळ्ळीच्या फाट्यावर हलगी वाजत होती. सारं गाव रस्त्यावर. गिरणीवर लबाड म्हणणाऱ्या बायकाच आरत्या घेऊन पुढे. शिवव्वाने डबा घेतला, कापूस बाजूला केला, टाक कपाळाला लावला आणि गर्रकन गावाकडे वळली. "नोड्री!" ती ओरडली. "बगा समदे! माज्या सासूचा राजा खरा हाय!" मग मॅडमच्या गळ्यात पडली. दोघीही काहीबाही बोलत होत्या, एक कानडीत, एक तेलुगूत, आणि दोघींनाही सगळं समजत होतं.

अंगणात बायका पीठ मळून तयारच बसल्या होत्या. पहिला ठसा तुमीच मारायचा, असं शिवव्वाने मॅडमना फर्मावलं. संग्रहालयात जो टाक हातमोजे घातल्याशिवाय धरता येत नव्हता, तो त्यांनी उघड्या हाताने उचलला, पिठाच्या गोळ्यावर ठेवला आणि अंगातलं सगळं वजन टाकून दाबला. बायकांनी हलगीच्या वर आवाज काढला.

मला सोलापूरची शेवटची गाडी धरायची होती. मॅडम म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी इथंच राहते. दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला बार्शीला गेलो, तिथे मुक्काम लांबला, आणि परत आलो तोवर लेक येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली होती. पुढे फोनवर भांडलो पुष्कळ, पण भेट झाली नाही.

गाडी फाट्यावरून निघाली तेव्हा अजून उजेड होता. खिडकीतून शिवव्वाचं अंगण दिसत होतं. बायकांनी फेर धरला होता आणि मध्ये दोघीजणी फुगडी खेळत होत्या. एक शिवव्वा. दुसरीच्या साडीला पीठ लागलेलं, चष्मा कुठेतरी काढून ठेवलेला, केस सुटलेले, मान मागे टाकून त्या इतक्या जोरात हसत होत्या, की हलगी चालू असूनही हसू गाडीपर्यंत येत होतं. पाय भुईवर ठरत नव्हते. शिवव्वा दमली, पण त्या सोडेनात.

कंडक्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "कोन वो त्या बाई?" त्याने विचारलं. "लईच जोरात हायत."

"आमच्या यलगम मॅडम," मी सांगितलं.